बोलताना थांबायचं कुठे, किती आणि कशासाठी

माइकसमोर उभं राहिल्यावर दोन सेकंद म्हणजे किती, याचा अंदाज जवळजवळ प्रत्येकाचा चुकतो. मोबाइलवर स्वतःचं भाषण रेकॉर्ड करून ऐका. 'इथे मी फारच थांबलो, लोकांना वाटलं असेल विसरला' असं ज्या जागी वाटलेलं असतं, ती जागा रेकॉर्डिंगमध्ये धड सापडतही नाही. सापडलीच तर अर्ध्या-पाऊण सेकंदाची निघते. बोलणाऱ्याची छाती धडधडत असते, पुढचं वाक्य ओठांवर येऊन थांबलेलं असतं आणि समोर शंभर जण टक लावून बसलेले असतात. अशा वेळी त्याचं घड्याळ पळतं. खुर्चीवर बसलेल्याचं घड्याळ मात्र नेहमीच्याच चालीने चालतं, आणि त्याला ती दोन सेकंदं बरेचदा कमीच पडतात.

भाषणातल्या विरामाबद्दल आपल्याकडे जो सल्ला मिळतो तो बहुधा 'महत्त्वाच्या शब्दाआधी पॉज घ्या, इफेक्ट येतो' एवढाच. सल्ला खोटा नाही. पण तो ऐकून माणसं विराम 'घेऊ' लागतात, म्हणजे आपण कसे दिसतोय याचा विचार करत थांबतात, आणि ते समोरच्याला लगेच कळतं. मला वाटतं, विरामाकडे श्रोत्याच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट सोपी होते. ऐकलेलं समजून घ्यायला श्रोत्याला वेळ लागतो, आणि तो वेळ देणं फक्त बोलणाऱ्याच्या हातात असतं. एवढं धरून चाललं की कुठे थांबायचं आणि किती, याची बरीचशी उत्तरं मिळत जातात.

पण मुळात थांबणं इतकं जड का जातं?

याचं उत्तर व्यासपीठावर नाही, गप्पांमध्ये आहे. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये दहा भाषांमधल्या रोजच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जपानी, डॅनिश, कोरियन, इटालियन, लाओ अशा जगभर विखुरलेल्या भाषा त्यात होत्या. एकाने प्रश्न विचारला की दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग. जपानी माणसं जरा लवकर, डॅनिश जरा सावकाश, पण सगळ्या भाषा या आकड्याच्या पाव सेकंद मागेपुढेच. आता गंमत अशी, की एखादा साधा शब्द मनात शोधून तोंडातून बाहेर काढायला माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं बोलणं संपण्याआधीच आपण आपलं उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. माणसं पूर्ण ऐकून घेत नाहीत ही तक्रार जुनी आहे. इथे तिला आकडे मिळाले.

इतक्या बारीक फटीची सवय झालेल्या कानाला मोठी फट टोचते. 'रविवारी येतोयस ना?' असं फोनवर विचारल्यावर पलीकडून एक सेकंद काही आलं नाही, तर आपण काय ते ओळखतो आणि 'नाही, म्हणजे जमलं तर बघ' असं आपणच म्हणून टाकतो. गप्पांमधल्या शांततेचा एक अर्थ नकार. दुसरा अर्थ, पाळी गेली. घरी सगळे जेवायला बसले असताना काका श्वास घ्यायला थांबले की काकू विषय कुठल्या कुठे नेते, आणि काकांची गोष्ट अर्धीच राहते. म्हणून लहानपणापासून आपण जागा धरून ठेवायला शिकतो. 'अं', 'म्हणजे', 'ते आपलं हे', 'काय झालं माहितीये का', आणि हल्ली 'ॲक्चुअली' आणि 'बेसिकली'. हे शब्द म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल.

व्यासपीठावर ही सीट कोणी घेणार नसतं. सूत्रसंचालकाने नाव पुकारलेलं असतं, माइक एकच असतो आणि तो आपल्यासमोर असतो. तरी आपण रुमाल टाकतच राहतो.

अर्थात 'अं' म्हणजे पाप नव्हे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी या आवाजांकडे बरंच लक्ष दिलं आहे. इंग्रजीत दोन वेगळे 'अं' आहेत, एक छोट्या अडथळ्याची सूचना देणारा आणि दुसरा मोठ्या, असं हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये मांडलं. एडिंबरामधल्या प्रयोगांत तर असंही दिसलं, की अडखळल्यानंतर आलेला शब्द ऐकणाऱ्याच्या थोडा जास्त लक्षात राहतो, कारण 'आता काहीतरी वेगळं येतंय' म्हणून कान टवकारले जातात. तेव्हा एखादा 'अं' आला म्हणून ओशाळून जाऊ नये. त्रास होतो तो प्रत्येक वाक्याच्या सांध्यावर एक ठेवल्याने. मग श्रोता विषय सोडून 'अं' मोजायला लागतो. शेवटच्या रांगेतली कॉलेजची पोरं तर हाताच्या बोटांवर मोजतात.

यावर उपाय 'अं म्हणू नका' असं स्वतःला बजावणं हा नव्हे, कारण बजावलं की तोच आठवतो. उपाय साधा आणि शारीरिक आहे. वाक्य संपलं की ओठ मिटायचे आणि श्वास नाकाने आत घ्यायचा. ओठ मिटलेले असताना आणि श्वास आत जात असताना 'अं' काढणं कठीण असतं. आपण बोलतो ते श्वास सोडताना. घाबरल्यावर श्वास उथळ होतो, लवकर संपतो आणि वाक्याच्या मध्येच हवा भरून घ्यावी लागते. मग 'आपल्या संस्थेच्या' आणि 'अध्यक्षांनी' यांच्यामध्ये नको तिथे फट पडते. वाक्य संपल्यावर पुरेसा श्वास घेतला तर ही चुकीची फट आपसूक बुजते.

आता श्रोत्याकडे येऊ. वाचणाऱ्याचं वाक्य निसटलं तर तो डोळे मागे नेतो. ऐकणाऱ्याला ही सोय नाही. कानावर पडलेला आवाज मनात घोळवला नाही तर दोनेक सेकंदांत पुसट होत जातो, हे ॲलन बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाच्या स्मरणशक्तीवरच्या कामातून पुढे आलेलं आहे. म्हणजे वाक्य ऐकायचं, त्यातलं सार काढायचं, ते आधीच्या सारावर बसवायचं, आणि हे सगळं पुढचं वाक्य येऊन आदळायच्या आत. वक्ता न थांबता बोलत राहिला तर श्रोता यातलं पहिलं काम कसंबसं करतो आणि बाकीची दोन सोडून देतो. भाषण संपल्यावर 'छान बोलले' एवढंच त्याला सांगता येतं. काय बोलले ते विचारू नये.

मराठीत ही अडचण जरा जास्तच आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि त्याच्याही शेवटी 'नाही' येतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतलं हे वाक्य घ्या: 'देखभाल खर्च पुढच्या वर्षीपासून वाढवण्याचा जो प्रस्ताव मागच्या सभेत मांडला होता आणि ज्याला काही सभासदांनी हरकत घेतली होती तो कमिटीने अजून मागे घेतलेला नाही.' शेवटचे दोन शब्द कानावर पडेपर्यंत सभासदांना कळत नाही की खूश व्हायचं की भांडायचं. सगळं ओझं हातात धरून ते उभे असतात, आणि क्रियापद आल्यावर कुठे ते खाली ठेवता येतं. सेक्रेटरीने 'नाही' म्हणून लगेच 'आता विषय क्रमांक चार' म्हटलं, तर अर्ध्या लोकांचा तिसरा विषय डोक्यात शिरलेलाच नसतो. म्हणून मराठीत बोलणाऱ्यासाठी पहिली जागा ठरलेली आहे: क्रियापदाच्या नंतर. इंग्रजी वक्तृत्वाच्या पुस्तकांतले ठोकताळे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. इंग्रजीत नकार आधीच येऊन गेलेला असतो.

वाक्याच्या आत थांबायचं तर कर्त्यानंतर थांबलेलं चालतं. 'कमिटीने... हा प्रस्ताव... मागे घेतलेला नाही.' पण शब्द आणि त्याला चिकटून येणारा शब्द यांच्यात थांबलं तर कानाला ठेच लागते: 'इमारतीच्या... समोर', 'पाण्याच्या टाकीची... दुरुस्ती'. लिहिलेला स्वल्पविराम म्हणजे थांबायची जागा, हेही खरं नाही. विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छापखान्याबरोबर, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीच्या मोडी कागदांत शब्दांमध्येही जागा सोडलेली नसायची. वाचणारा अर्थ लावत लावत तोडायचा. मोठ्याने वाचताना आजही तेच करायला हवं.

एक उदाहरण जवळून पाहू. ग्रामसभेत पाण्यावर बोलायचं आहे. मजकूर चार ओळींचा:

'दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे पहिला टँकर आला मार्चमध्ये. गेल्या वर्षी आला फेब्रुवारीत. यंदा डिसेंबरात. आणि आपण अजून बोअर मारतोय.'

हे सलग म्हटलं तर दहा-बारा सेकंदांत संपतं आणि कोणाच्या कपाळावर आठी उमटत नाही. आता कागदावर उभ्या रेघा मारू. एक रेघ म्हणजे श्वासापुरतं थांबणं, दोन रेघा म्हणजे सेकंद-दीड सेकंद, तीन म्हणजे दोन ते तीन सेकंद.

'दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे पहिला टँकर आला । मार्चमध्ये ॥ गेल्या वर्षी आला । फेब्रुवारीत ॥ यंदा ॥ डिसेंबरात ।॥ आणि आपण । अजून बोअर मारतोय ॥'

'यंदा' नंतरच्या दीड सेकंदात ऐकणारा स्वतःशी म्हणतो, जानेवारी. मार्च, फेब्रुवारी, म्हणजे जानेवारीच. आणि मग डिसेंबर येतो. त्याने अंदाज बांधला नसता तर डिसेंबर हा नुसता एक महिना राहिला असता. अंदाज बांधायला वेळ मिळाला म्हणून तो चुकला, आणि चुकला म्हणून दचकला. त्यानंतरच्या तीन रेघांमध्ये तो हिशोब करतो: पाऊस संपून दोन-तीन महिने होतात न होतात तोच टँकर. मागे बसलेल्यांत कुजबुज सुरू होईल. होऊ द्यावी. 'शांत राहा, शांत राहा' म्हणून ती दाबणं म्हणजे पेटत आलेली चूल विझवणं. आणि शेवटचं वाक्य आवाज चढवून म्हणायची गरज उरत नाही.

इथे नव्वद टक्के वक्ते एक गोष्ट करतात. डिसेंबर म्हटल्यावर लगेच: 'म्हणजे बघा मंडळी, किती गंभीर परिस्थिती आहे ही!' श्रोता ज्या ठिकाणी स्वतः चालत पोहोचणार होता तिथे त्याला उचलून नेऊन ठेवलं. आता ती परिस्थिती वक्त्याची झाली, गावाची राहिली नाही. माझ्या मते भाषणातली शांतता गोंगाटाने जितकी बिघडते त्याहून जास्त स्पष्टीकरणाने बिघडते.

शब्दाच्या आधी थांबणं आणि नंतर थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणात दिसतं. आधी थांबलं की श्रोता पुढे धावतो, नंतर थांबलं की मागे वळून पाहतो. आधीचा विराम नाटकी असतो, लोकांना आवडतो आणि स्वस्तात टाळ्या मिळवून देतो. नंतरचा विराम फारसा कोणाला जाणवत नाही आणि काम मात्र तोच जास्त करतो. नवख्याने आधी नंतरचा शिकावा.

आधीच्या विरामाचे उस्ताद म्हणजे अटलबिहारी वाजपेयी. वाक्य अर्ध्यावर सोडून, डोळे मिटून, मान किंचित हलवत ते थांबायचे. सभा तशीच खिळून बसायची. हिंदीतही क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य पुरं व्हायला जे हवं तेच त्यांनी हातात राखून ठेवलेलं असायचं. वाक्य लटकलेलं असताना कोणी उठून जात नाही. त्यांची नक्कल मात्र शंभरांनी केली आणि ती विनोदीच झाली, कारण थांबल्यानंतर जे यायचं ते थांबण्याच्या तोलाचं असावं लागतं. दोन सेकंद डोळे मिटून मग 'कार्यक्रमाला उपस्थित राहिल्याबद्दल आभार' म्हटलं, की लोक एकमेकांकडे बघतात.

दुसरं उदाहरण शिवाजी पार्कवरचं. बाळासाहेब ठाकरे यांच्या दसरा मेळाव्यातल्या भाषणाची सुरुवात ठरलेली असायची: 'जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो'. त्यानंतर गर्जना व्हायची, फटाके वाजायचे, आणि ते थांबायचे. राजकारण बाजूला ठेवून नुसती रचना बघा. तीन संबोधनं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मॅक्स ॲटकिन्सन यांनी १९८०च्या दशकात राजकीय भाषणांची रेकॉर्डिंग्ज तपासली, तेव्हा टाळ्या दोन जागी हटकून येतात असं त्यांना दिसलं: तीन गोष्टी ओळीने सांगितल्यावर आणि दोन विरुद्ध गोष्टी शेजारी ठेवल्यावर. कारण टाळी वाजवणाऱ्यालाही कुठे वाजवायची ते आधी कळावं लागतं. एकट्याने वाजवायला कोणी तयार नसतं. तिसरी गोष्ट आली की ही शेवटची, हे सगळ्यांना एकदमच कळतं. तबला ऐकणाऱ्याला हे सांगायला नको, तिहाईचा तिसरा तुकडा समेवर येतो तेव्हा मान आपोआप हलते. आणि तिहाईच्या दोन तुकड्यांमध्ये थांबा असेल तर तबलजी तिला दमदार म्हणतात, नसेल तर बेदम.

टाळ्या साधारण आठ सेकंद टिकतात, असंही ॲटकिन्सन यांनी नोंदवलं होतं. त्या काळात बोलू नये. हशाचंही तसंच. नाटकवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. हशा वर चढतो, माथ्यावर पोहोचतो आणि उतरायला लागतो. तो उतरायला लागल्यावर, पण पूर्ण विझायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं. चढत्या हशावर टाकलं तर ते वाक्य वाया गेलं आणि शिवाय लोकांना कळलं की हसलं की पुढचं चुकतं, त्यामुळे पुढच्या वेळी ते जपून हसतात.

वारकरी कीर्तनात या सगळ्याची सोय परंपरेनेच करून ठेवलेली आहे. कीर्तनकार बुवा निरूपण करत करत एखाद्या प्रमाणाच्या, म्हणजे आधाराला घेतलेल्या संतवचनाच्या, ओळीवर येतात, ओळ सुरू करतात, आणि मागचे गायक-टाळकरी ती उचलून चालीत म्हणतात. मृदंग वाजतो. बुवा तेवढा वेळ मोकळे. श्वास घेतात, उपरण्याने घाम पुसतात, पुढचा दृष्टांत मनात जुळवतात. श्रोत्याचं काय होतं? नुकतं ऐकलेलं निरूपण त्या ओळीच्या सुरावर डोक्यात मुरतं. नारदीय कीर्तनात तर पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये रीतसर मध्यंतर असतं, बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा, भजन व्हायचं, आणि मग आख्यान. जड तत्त्वज्ञान आणि गोष्ट यांच्यामध्ये एवढी मोठी जागा ज्यांनी ठेवली त्यांना श्रोता नीट कळला होता. आपल्या पॉवरपॉइंटमध्ये मुद्दा बदलतो तेव्हा आपण फक्त 'नेक्स्ट' म्हणतो.

प्रश्न विचारून थांबणं हा वेगळाच विषय आहे, आणि शिक्षकांना, प्रशिक्षण देणाऱ्यांना सगळ्यात उपयोगाचा. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षण अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग्ज ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात, असं निघालं. एका सेकंदात उत्तर आलं नाही की दुसऱ्या मुलाला उठवतात, नाहीतर प्रश्न फिरवून विचारतात, नाहीतर उत्तर स्वतःच देऊन टाकतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, गप्प राहणारी किंवा 'माहीत नाही' म्हणणारी कमी झाली, आपणहून बोलणारी वाढली. नवं पुस्तक नाही, फक्त दोन सेकंद जास्त. याहून स्वस्त सुधारणा शिक्षणात क्वचितच सापडेल.

आणि रो यांनी आणखी एक जागा दाखवली, जी आपण हमखास विसरतो: मुलाचं उत्तर झाल्यानंतरची. तिथेही शिक्षक लगेच 'बरोबर, बस' म्हणतात. तिथे थांबलं तर मूल पुष्कळदा स्वतःच पुढे जातं, 'कारण...' म्हणून. मुलाखत घेणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. चांगली गोष्ट बहुतेक वेळा पहिल्या उत्तरानंतरच्या शांततेत निघते.

'काही प्रश्न आहेत का?' असं विचारून कागद आवरायला घेणारा वक्ता मात्र काही विचारतच नसतो.

फार लांब शांतता हे या सगळ्यापेक्षा निराळं प्रकरण आहे. जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये गोळीबार झाला, सहा जण गेले, त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. १२ जानेवारीच्या शोकसभेत बराक ओबामा तिच्याबद्दल बोलले, हा देश आपल्या मुलांच्या अपेक्षांना उतरेल यासाठी आपण सगळं केलं पाहिजे असं म्हणाले आणि ५१ सेकंद बोललेच नाहीत. दीर्घ श्वास घेतला, पापण्या मिटल्या-उघडल्या, आणि पुढे गेले. तो विराम कोणी लिहून दिलेला वाटत नाही. २४ मार्च २०१८ ला वॉशिंग्टनमध्ये एमा गोन्झालेस यांनी जे केलं ते मात्र पूर्ण योजलेलं होतं. फ्लोरिडातल्या त्यांच्या शाळेत गोळीबारात १७ जण मारले गेले होते. सुरुवातीला त्या १७ जणांची नावं घेतली आणि मग लाखोंच्या सभेसमोर चार मिनिटांहून जास्त काळ एक शब्द नाही. लोक बावरले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी घोषणा दिल्या, परत शांत झाले. शेवटी टायमर वाजला. व्यासपीठावर आल्यापासून सहा मिनिटं वीस सेकंदं झाली होती, गोळीबार चालला तेवढा वेळ. गोन्झालेस यांनी ते सांगितलं तेव्हा लोकांना कळलं की आपण काय मोजत उभे होतो.

असल्या शांतता शिकवता येत नाहीत आणि उसन्या घेता येत नाहीत. रोटरीच्या पदग्रहण समारंभात ५१ सेकंद थांबाल तर कोणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन धावत येईल.

जागा कुठली आहे यावरही थांबणं ठरतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानात व्यासपीठाजवळचा एक भोंगा आणि १७० मीटरवरचा दुसरा, यांच्या आवाजात अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं. यातल्या एका भोंग्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि वक्ता भरभर बोलला तर पहिल्या शब्दाची शेपटी दुसऱ्या शब्दावर पडते. जुन्या मैदानी वक्त्यांची तुकड्या-तुकड्यांत बोलायची ढब यातूनच आली असणार. मंगल कार्यालयाच्या फरशी आणि पत्र्याच्या हॉलमध्येही आवाज घुमतो. तिथे छोटी वाक्यं आणि स्पष्ट थांबे. वीस जणांच्या खोलीत तसंच बोललात तर भाषण ठोकतोय असं वाटेल.

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलं की थांबण्याचं आपण काय करून ठेवलंय ते दिसतं. वेळ पाच अधिक दोन मिनिटं. पाचव्या मिनिटाला पहिली घंटा. तोपर्यंत ठीक चाललेली मुलगी घंटेसरशी अशी सुटते की शेवटची दोन पानं एका दमात. दुसरा मुलगा उजवा हात वर नेतो, हवेत धरतो, बरोबर दीड सेकंद थांबतो आणि हात खाली आणतो. हे तो प्रत्येक परिच्छेदाला करतो. गुरुजींनी मजकुराबरोबर थांबेही पाठ करून घेतलेले असतात. सगळे थांबे एकाच मापाचे असले की ते थांबे राहत नाहीत, नुसता ठेका होतो, आणि ठेक्यावर झोप छान लागते. दोष मुलांचा नाही. सात मिनिटांत नऊ मिनिटांचा मजकूर कोंबला की पहिला बळी विरामाचा जातो.

म्हणून तयारीची सुरुवात कापण्यापासून करावी. सात मिनिटं असतील तर साडेपाच मिनिटांचा मजकूर न्यावा, हा माझा ढोबळ हिशोब. मिनिटाला अमुक शब्द असे इंग्रजीतले आकडे मराठीला लावू नयेत. 'शेजारच्यांनासुद्धा' हा आपला एकच शब्द आहे. घड्याळ लावून मोठ्याने वाचावं आणि कागदावर रेघा माराव्यात. कागद बघून बोलणार असाल तर एक शिस्त पाळा: नजर कागदावर असताना तोंड बंद. खाली बघायचं, वाक्य उचलायचं, मान वर करायची, कोणातरी एकाकडे बघायचं, मग बोलायचं. सुरुवातीला हे भयंकर संथ वाटतं. ऐकणाऱ्याला ते विचारपूर्वक बोलणं वाटतं. मध्येच विसरायला झालं तरी हेच करायचं. पाण्याचा घोट घ्यायला कोणाची ना नसते.

ऑनलाइन मीटिंगमध्ये मात्र हे सगळं उलटंपालटं होतं. आवाज पोहोचायला आधीच थोडा उशीर लागतो. वर तिथे तुमचं उभं राहणं, श्वास घेणं, बघणं यातलं काही दिसत नाही, आणि शांततेचा पहिला अर्थ लागतो तो नेट गेलं असा. दोन सेकंद थांबलात की चॅटवर 'सर, आवाज येत नाहीये' टपकतं. त्यामुळे तिथे विराम सांगून घ्यावा: 'ही स्लाइड वाचायला दहा सेकंद देतो' म्हणायचं आणि खरोखर दहा सेकंद गप्प बसायचं. प्रश्न विचारल्यावर वर्गातली तीन सेकंदंही तिथे पुरत नाहीत. ज्याला उत्तर द्यायचंय तो आधी दुसरं कोणी बोलतंय का बघतो, मग म्यूटचं बटण शोधतो, मग 'हॅलो, येतोय का आवाज?' विचारतो. मनात सावकाश सातपर्यंत मोजावं. सहसा पाच-सहाच्या सुमारास कोणीतरी बोलायला लागतं.